पूलचं पाणी रोज कमी होतंय? टाइल्स फोडायच्या आधी हे करून बघा

लोणावळा, कर्जत, अलिबाग, मुळशी, इगतपुरी, खाली गोव्यात शिवोली-आसगाव, जिथे बघाल तिथे बंगल्याच्या मागे पूल झालेत, आणि पूल झाला की काही वर्षांत एक तक्रार येतेच येते, पाणी टिकत नाही. केअरटेकर सांगतो रोज पाइप लावून ठेवावा लागतो, उन्हाळ्यात बोअर आटली की टँकर मागवावा लागतो, मग कोणीतरी वॉटरप्रूफिंगवाला येतो, काठावर उभा राहून दोन मिनिटं बघतो आणि सांगतो की साहेब, सगळं खोलावं लागेल. त्याला हो म्हणायची घाई करू नका. गळती टाकीच्या भिंतीतच असते असं नाही, पुष्कळ वेळा ती पाइपात, फिटिंगच्या कडेला नाहीतर चक्क पंप रूममध्ये असते, आणि ती कुठे आहे हे कळायला एक बादली, इन्सुलेशन टेप, खायचा लाल रंग आणि थोडे दिवस कळ काढायची तयारी एवढंच लागतं.

मी इथे आपल्याकडच्या नेहमीच्या पूलबद्दल बोलतोय, म्हणजे आरसीसीची टाकी, आतून टाइल्स, बाजूला नाहीतर जमिनीखाली पंप रूम, सँड फिल्टर. फायबरचे तयार पूल आणि व्हायनिल लायनरवाले पूल (अमेरिकेत-ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांकडे हे बरेच दिसतात) यांची शोधायची पद्धत हीच, दुरुस्ती फक्त वेगळी, त्यातलं लायनरचं खाली सांगतो.

आधी खरंच गळतंय का ते बघा

उघड्या पाण्याची वाफ होतेच. अलिबागसारख्या दमट हवेत दिवसाला ३ ते ५ मिमी पाणी असंच जातं, देशावर एप्रिल-मेच्या उन्हात वारा सुटला तर ८-१० मिमीपर्यंतही जाऊ शकतं. धबधबा, कारंजं असं काही लावलं असेल तर अजून जास्त. पोरं उड्या मारतात तेव्हा बाहेर उडणारं पाणी आणि दर आठवड्याचं बॅकवॉश (फिल्टर उलट्या पाण्याने धुणं) यांचा हिशोब वेगळाच. त्यामुळे "पाणी कमी झालं" याला काही अर्थ नाही, किती कमी झालं ते सांगा.

हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर पाण्यात एक मिमी उतरलं म्हणजे एक लिटर गेलं. तुमचा पूल ८ बाय ४ मीटर असेल तर ३२ चौरस मीटर, म्हणजे एका मिमीला ३२ लिटर. रोज २ सेंमी उतरत असेल तर ६४० लिटर, महिन्याला १९ हजारांच्या वर, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ दोन टँकर. यातलं वाफेचं किती आणि गळतीचं किती हे वेगळं करायला बादली लागते.

प्लास्टिकची साधी बादली घ्या, तळाशी दोन-तीन दगड टाका म्हणजे तरंगणार नाही, आणि पूलच्या पायरीवर अशी ठेवा की तिचा काठ पाण्याच्या चार बोटं वर राहील. आता बादलीत पूलचंच पाणी ओता, आतली आणि बाहेरची पातळी सारखी येईपर्यंत. बादलीच्या आत पातळीवर टेप लावा, बाहेर पूलच्या टाइलवरही लावा. टेपची वरची कड पाण्याला टेकलेली पाहिजे, अंदाजे नको. बादली पाण्यात बुडलेली असल्यामुळे दोन्हीकडचं पाणी सारखंच तापतं, वाफ जवळपास सारखीच होते. चोवीस तासांनी दोन्हीकडे पट्टी लावून मोजा. बादलीत ५ मिमी आणि पूलमध्येही ५-६ मिमी, तर तुमचा पूल ठणठणीत आहे, केअरटेकरला चहा पाजा आणि विषय संपवा. बादलीत ५ आणि पूलमध्ये १८, तर १३ मिमी कुठेतरी जातंय, आणि ८ बाय ४ च्या पूलला ते दिवसाला चारशे लिटरच्या वर झालं.

हे करताना त्या दिवशी कोणी पोहायचं नाही, बॅकवॉश नाही, पाऊस नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ऑटोफिल असेल तर त्याचा व्हॉल्व्ह बंद करा. ऑटोफिलचा फ्लोट बिचारा गुपचूप पाणी भरत राहतो आणि वर्षभर गळती कोणाला कळत नाही, लाइटबिल आणि बोअरचं पाणी मात्र जात राहतं.

ही टेस्ट दोनदा करायची. एकदा पंप नेहमीसारखा चालवून, एकदा पंप पूर्ण बंद ठेवून. पंप चालू असताना जास्त जात असेल तर प्रेशरच्या बाजूला बघा, म्हणजे फिल्टरपासून पूलकडे परत येणाऱ्या रिटर्न लाइनला, नाहीतर बॅकवॉशच्या लाइनला. पंप बंद असताना जास्त जात असेल तर सक्शन लाइनवर (पूलमधून पंपाकडे जाणारी) संशय घ्या, कारण पंप चालू असताना ती लाइन आत ओढत असते. पंप पूलच्या वर बसवलेला असेल तर पंप चालू असताना रिटर्नमधून बुडबुडे येतात, पंपाच्या बास्केटच्या झाकणातून हवा दिसते. पण आपल्याकडे पंप रूम बहुतेक जमिनीखाली असते, तिथे सक्शनमध्येही पाण्याचं वजन असतंच, त्यामुळे बुडबुडे नाहीत म्हणजे सक्शन चांगली असं समजू नका. दोन्ही वेळेला सारखंच जातंय, तर टाकी, लाइट, स्किमर (पाण्यावरचा कचरा ओढून घेणारं भिंतीतलं तोंड) किंवा फिटिंगची कड.

ओव्हरफ्लो पूल असेल तर

इथे नव्या लोकांची फार गडबड होते म्हणून वेगळं लिहितोय. ओव्हरफ्लो किंवा इन्फिनिटी पूलमध्ये पंप चालू असेपर्यंत पूल कायम काठोकाठ दिसणार, पाणी कमी झालेलं दिसतं ते बॅलन्सिंग टँकमध्ये, म्हणजे काठावरून वाहिलेलं पाणी काठालगतच्या चॅनेलमधून जिथे जमतं त्या टाकीत. आणि बॅलन्सिंग टँक लहान असतो. समजा तो २ बाय दीड मीटर आहे, म्हणजे ३ चौरस मीटर. पूलमधून ९ मिमी वाफ झाली तर जवळपास २९० लिटर गेले, आणि ते या छोट्या टाकीत जवळजवळ १० सेंमी दिसतात! लोक ते बघून घाबरतात, "रोज वीतभर पाणी जातंय" म्हणून फोन करतात, आणि प्रत्यक्षात मे महिन्याची वाफ असते. तेव्हा आकडा नेहमी लिटरमध्ये काढा.

अजून एक गोष्ट फक्त याच पूलची. पंप बंद केला की पूलचं पाणी पाइपातून उलटं बॅलन्सिंग टँकमध्ये येऊ नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. त्यात कचरा अडकला, फ्लॅप झिजला की रात्रभर पाणी हळूहळू टँकमध्ये उतरतं, टँक भरला की त्याच्या ओव्हरफ्लो पाइपातून गटारात, आणि सकाळी पंप लावला की उतरलेला पूल काठापर्यंत भरायला टँकमधलं पाणी पुरत नाही. टाकीला एक भेग नाही, टाइल जाग्यावर, आणि तरी पाणी जातंय. तर रात्री पंप बंद करून अर्ध्या तासाने टँकचं झाकण उघडा, पातळी चढतेय का बघा. पंप बंद केल्यावर चॅनेलमधलं उरलंसुरलं पाणी टँकमध्ये येतं तेवढं ठीक, ते काही मिनिटांत थांबतं. थांबतच नसेल तर व्हॉल्व्ह खोला.

ओव्हरफ्लो पूलची बादली टेस्ट पंप बंद ठेवूनच करायची, आणि काठावरून वाहणं पूर्ण थांबल्यावर, बॅलन्सिंग टँककडे जाणारे सगळे व्हॉल्व्ह बंद करून. ती व्यवस्थित आली आणि पंप चालू असतानाच पाणी जात असेल तर पाइपांबरोबर चॅनेल आणि टँकही तपासा. चॅनेलच्या जाळ्या उचलून आतल्या टाइल्सचे सांधे बघा, तिथलं ग्राउट (सांध्यांतला भराव) कोणी बघत नाही, कारण जाळीखाली कोण डोकावतंय.

पंप रूममध्ये बसून घ्या

खरंच बसून घ्या, टॉर्च घेऊन, पंप चालू असताना. पंपाच्या खाली ओलं आहे का? मोटर आणि पंप जिथे जोडलेत तिथून थेंब पडत असतील तर मेकॅनिकल सील गेलं. युनियनला (पाइपाचा खोलता येणारा जोड) हात फिरवून बघा, आतली ओ-रिंग कडक झाली की तिथून पाझरतं. फिल्टरच्या खालचा ड्रेन प्लग, प्रेशर गेजचा आटा, हेही बघा. थेंब-थेंब पाण्याने पूल उतरत नाही हे मान्य, पण ते दुरुस्त करणं सोपं आहे तर करून टाका.

खरा चोर बहुतेक वेळा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह असतो. फिल्टरवरचं ते हँडल, ज्यावर फिल्टर, बॅकवॉश, रिन्स, वेस्ट असं लिहिलेलं असतं. त्याच्या आत एक रबरी गॅस्केट असतं, चाकाच्या आऱ्यांसारखं, त्याला स्पायडर गॅस्केट म्हणतात. ते एका जागी उचकटलं, तुटलं किंवा त्याच्याखाली वाळूचा कण बसला की हँडल फिल्टरवर असतानाही थोडं पाणी सतत बॅकवॉशच्या पाइपातून बाहेर जात राहतं. हा पाइप जमिनीखालून कुठल्यातरी चेंबरमध्ये किंवा नाल्यात जातो, त्यामुळे डोळ्यांना काही दिसत नाही. तपासायचं असं, की हँडल फिल्टरवर ठेवून पंप चालू करा, वीसेक मिनिटं थांबा, आणि बॅकवॉशचा पाइप जिथे उघडतो तिथे जाऊन बघा. चेंबरचं झाकण उघडायला लागलं तर उघडा. तिथे करंगळीएवढी जरी धार सापडली तरी दिवसाला हजारो लिटर जाऊ शकतात.

बदलायला फार हुशारी लागत नाही, सावकाशपणा लागतो. पंपाचा एमसीबी पाडा. फिल्टरच्या अलीकडचे पलीकडचे व्हॉल्व्ह बंद करा, नाहीतर पूलचं पाणी पंप रूममध्ये येईल आणि मोटर भिजेल. एअर रिलीज (फिल्टरमधली हवा सोडायचा व्हॉल्व्ह) उघडून प्रेशर शून्यावर आणा. झाकण आणि बॉडी या दोन्हींवर मार्करने एक उभी रेघ मारा, म्हणजे परत बसवताना दिशा चुकणार नाही, दिशा चुकली तर हँडल फिल्टरवर दाखवेल आणि पाणी जाईल वेस्टला. मग स्क्रू काढून झाकण हँडलसकट वर उचला. जुनं गॅस्केट खाचेतून सोलून काढा, खाच जुन्या ब्रशने साफ करा, वाळूचा एक कणही नको. दुकानात जाताना जुनं गॅस्केट आणि व्हॉल्व्हच्या मॉडेलचा फोटो घेऊन जा, साइझ सारखी दिसते पण नसते. नवीन बसवून स्क्रू समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळा. आणि यापुढे हँडल फिरवताना पंप बंद, खाली दाबून, मगच फिरवायचं, हे केअरटेकरला नुसतं सांगू नका, भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. चालू पंपावर हँडल फिरवणं हेच या गॅस्केटचं मरण आहे.

पाणी कुठे थांबतं ते बघा

पंप रूम ठीक निघाली तर पंप बंद करा, ऑटोफिल बंद करा आणि पाणी उतरू द्या. रोज सकाळी त्याच वेळेला टेप लावा, तारीख टाका. पाणी जिथे थांबेल, म्हणजे फक्त वाफेपुरतंच उतरायला लागेल, तिथे आसपास गळती आहे. स्किमरच्या तोंडाखाली थांबलं तर स्किमर. लाइटच्या वरच्या-खालच्या कडेला थांबलं तर लाइट. रिटर्न इनलेटच्या (फिल्टरचं पाणी पूलमध्ये परत येतं ते तोंड) पातळीला थांबलं तर ती लाइन किंवा तिची कड. कुठेच थांबत नाही, उतरतंच आहे, तर फ्लोअर, मेन ड्रेन (तळातली जाळी) किंवा सक्शन लाइन.

पंप बंद असल्यामुळे पाणी हिरवं व्हायला लागेल, तर क्लोरीन हाताने विरघळवून टाका आणि लांब ब्रशने ढवळा. अर्धा पूल उतरला की थांबा, त्याच्या पुढे उतरू द्यायचं का हे ऋतू बघून ठरवायचं.

ऋतूचं इथेच सांगतो कारण हे चुकलं तर पूलच जातो. पावसाळ्यात आणि पावसाळा संपल्यावर निदान दोन महिने पूल रिकामा करायचा नाही. कोकणात आणि लोणावळा-खंडाळ्याकडे जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं. ते पूलच्या तळाच्या एक मीटर वर असेल तर प्रत्येक चौरस मीटरला एक टन जोराने तळ वर ढकलत असतं. २० सेंमी जाडीच्या काँक्रीटचं वजन चौरस मीटरला अर्धा टन. भिंतींचं वजन आणि आजूबाजूची माती मदत करतात, पण आतलं पाणी काढलं की हिशोब उलटा व्हायला वेळ लागत नाही, तळाला भेगा जातात, टाइल्स फुगून उठतात, हलकी टाकी असेल तर अख्खी वर येते. फायबरचा पूल तर फारच सहज उचलला जातो. शेजारी विहीर असेल तर तिची पातळी बघा, ती पूलच्या तळापेक्षा खाली गेली असेल तरच विचार करा. मोठ्या दुरुस्तीचे महिने म्हणजे फेब्रुवारी ते मे, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात काम काढू नका, कॉन्ट्रॅक्टर कितीही म्हणू दे की चार दिवसांत होईल.

लाल रंगाची टेस्ट

आता नेमकी जागा. पंप निदान तासभर आधी बंद केलेला हवा, वारा नको, सकाळची वेळ उत्तम. मेडिकलमधून सुई नसलेली १० मिलीची सिरिंज घ्या, खायचा लाल रंग थोड्या पूलच्याच पाण्यात घट्ट कालवा. निळा घेऊ नका, निळ्या टाइल्सवर काय दिसणार. पोटॅशियम परमँगनेट काही जण वापरतात, मी नाही सांगणार, ग्राउटवर डाग बसतो. गॉगल घालून हळूच पाण्यात उतरा, हातपाय न हलवता, संशयाच्या जागेपासून बोटभर अंतरावर सिरिंजचं टोक आणा आणि एक-दोन थेंब सोडा, जोरात पिचकारी नको.

गळती नसेल तर रंग तिथेच ढगासारखा पसरतो, तरंगत राहतो. असेल तर काय होतं ते एकदा बघितलं की विसरणार नाही, तो ढग एका बाजूने बारीक होतो, त्याचा एक धागा तयार होतो आणि तो धागा सरळ त्या फटीत शिरतो, जणू कोणी पलीकडून ओढतंय. गळती मोठी असेल तर पटकन, बारीक असेल तर वीस-तीस सेकंद लागतात, तेवढं थांबा. दोन-तीनदा करून खात्री करा, आणि ती जागा तिथल्या तिथे वॅक्स क्रेयॉनने खूण करा, बाहेर आल्यावर नक्की कुठली टाइल होती हे आठवत नाही.

कुठे कुठे थेंब सोडायचे? स्किमरचं प्लास्टिक आणि काँक्रीट जिथे मिळतात ती चौकट. प्रत्येक रिटर्न इनलेटची रिंग. लाइटच्या मागची कड आणि केबल जिथून भिंतीत जाते ते भोक. शिडीचे पाय बसवलेली जागा. पायरी आणि भिंतीचा कोपरा. टाइल्सची एका रेषेत गेलेली भेग, एका रेषेत गेलेली म्हणजे खालच्या काँक्रीटला भेग असण्याची शक्यता, एखादी टाइल एकटीच तडकली असेल तर बहुतेक काही जड पडलं असेल. तळातला मेन ड्रेन शेवटी, आणि पंप चालू असताना ड्रेनच्या जवळ हात, केस, काहीच न्यायचं नाही, ओढून धरलं तर सुटत नाही. तळाला डुबकी मारणं जमत नसेल तर लांब बांबूला सिरिंज आणि पातळ नळी बांधून वरून करा. पाण्यात उतरताना लाइटचा एमसीबी पाडलेलाच हवा, लाइट १२ व्होल्टचा असला तरी.

पाइपात असेल तर

रंग कुठेच आत गेला नाही आणि बादली मात्र सांगते की पाणी जातंय, तर जमिनीखालची लाइन उरते. आधी बाग फिरून या. उन्हाळ्यात एकाच पट्ट्यात लॉन जास्त हिरवं, पेव्हर खचलेला, मुंग्यांचं वारूळ ओल्या मातीत, शेजारच्याच्या कंपाउंडच्या भिंतीला ओल. बांबू, उंबर, पिंपळ, वड जवळ असेल तर मुळांनी सांधा उचकटलेला असू शकतो. काळ्या मातीत लावलेली लाइन दर वर्षी माती फुगते-आकसते तशी हलते, तिथे सांधे निखळणं नवं नाही. कोकणात जांभा असेल तर वर ओल दिसायचीच नाही, पाणी दगडातून सरळ खाली जातं, त्यामुळे "बाहेर कुठे ओलं नाही म्हणजे गळती नाही" हे जांभ्याच्या जमिनीवर चालत नाही.

ओल सापडली तरी ती पूलचीच कशावरून? टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) पेनासारखा मिळतो, स्वस्त आहे. पूलचं पाणी, बोअरचं पाणी आणि साठलेलं पाणी, तिन्ही मोजा. पूलच्या पाण्यात वर्षानुवर्ष केमिकल साठत गेल्यामुळे आकडा बोअरपेक्षा बराच जास्त येतो, आणि सॉल्ट क्लोरिनेटर (मिठापासून क्लोरीन बनवणारं यंत्र) असेल तर बहुतेक तीन हजारांच्या वर असतो. साठलेल्या पाण्याचा आकडा कोणाकडे झुकतो ते बघा.

मग प्रेशर टेस्ट. हे प्लंबरला सोबत घेऊन करा. एका वेळी एकच लाइन घ्यायची, पूलच्या बाजूचं आयबॉल फिटिंग (इनलेटवरचं फिरतं तोंड) काढून तिथे रबरी टेस्ट प्लग घट्ट बसवायचा, पंप रूमच्या बाजूला गेजसकट हँडपंप जोडायचा, तोच जो प्लंबर नव्या बाथरूमची लाइन तपासायला वापरतात. पाणी भरून लाइनमधली हवा काढायची, एक-दीड किलोपर्यंत (गेजवर kg/cm²) प्रेशर द्यायचं आणि अर्धा तास बघत बसायचं. काटा हलला नाही तर ती लाइन बाद करा यादीतून, पुढची घ्या. काटा उतरत असेल तर आधी प्लग आणि बॉल व्हॉल्व्ह गळत नाहीत ना ते बघा, उगाच लाइनला दोष नको. एक सक्त सूचना, टायरवाल्याचा कॉम्प्रेसर लावून हवेने टेस्ट करायची नाही, हवेच्या दाबाने पीव्हीसी फुटलं की तुकडे उडतात.

लाइन कळली की खणायचं सगळीकडे नाही. प्रेशर देऊन ठेवा, रात्री सगळं शांत झाल्यावर लांब स्क्रू ड्रायव्हर जमिनीत रुतवून त्याच्या मुठीला कान लावा, एल्बो आणि टीच्या जागांपासून सुरुवात करा. सळसळ ऐकू येते. नाहीच जमलं तर पुण्या-मुंबईत मशीनने ऐकून गळती शोधणारे लोक आहेत, त्यांचे पैसे अख्खं डेक खोदण्यापेक्षा कमी पडतात.

दुरुस्ती

फुटलेला पाइप दोन्हीकडून चांगल्या भागापर्यंत कापा, कडा घासा, पूर्ण कोरडा करा, नवीन तुकडा दोन कपलर लावून बसवा. सॉल्व्हंट सिमेंट दोन्हीकडे लावून पाव वळसा फिरवत आत ढकलायचं आणि अर्धा मिनिट धरून ठेवायचं. ओल्या पाइपावर लावलेलं सॉल्व्हंट टिकत नाही, लाइनमधून पाणी झिरपत असेल तर आधी ते थांबवा. चोवीस तास प्रेशर नको. परत टेस्ट करा, मगच बुजवा, आणि बुजवताना पाइपाखाली-वर वाळू, खडी-डबर सरळ पाइपावर नको.

स्किमर, इनलेट, ड्रेन यांच्या कडेची फट पाण्यात राहूनही भरता येते. पाण्याखाली चालणारी दोन भागांची इपॉक्सी पुट्टी मिळते, हातमोजे ओले करून दोन्ही भाग एकत्र मळा, पट्टे जाऊन एकच रंग आला की तयार. फट आधी तारेच्या ब्रशने खरवडायची, शेवाळ आणि जुनं सिलिकॉन निघालंच पाहिजे, मग पुट्टी दाबून आत कोंबायची, वरवर लिंपायची नाही. सिलिकॉन लावून जाणारे भेटतील, ते काही महिन्यांत सुटतं.

गळती लाइटपाशी असेल तर पाणी बहुतेक लाइटमधून नाही, केबलच्या पाइपातून जातं. तो पाइप पूलच्या पातळीपर्यंत भरलेला असतो आणि त्याचा कुठलातरी सांधा नीट चिकटवलेला नसतो, कारण तो इलेक्ट्रिशियनने टाकलेला असतो, प्लंबरने नाही. एमसीबी पाडून लाइट काढा, केबल लांब असेल तर काठावर ठेवता येतो, आणि केबलभोवती पाइपाचं तोंड पुट्टीने बंद करा.

ग्राउट गेलेलं असेल तर पातळी खाली आणून सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट भरा, साधं सिमेंटचं ग्राउट क्लोरीन आणि ॲसिडपुढे टिकत नाही. काँक्रीटला खरी भेग असेल तर मात्र पाणी काढावं लागतं आणि हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या: भेगेच्या दोन्ही बाजूच्या टाइल्स काढणं, भेग व्हीच्या आकारात उघडणं, न आकसणारं ग्राउट भरणं, वर जाळी घालून दोन हात वॉटरप्रूफिंग कोटिंग, आणि टाइल्स लावायच्या आधी पाणी भरून निदान आठवडाभर ठेवणं. हे शेवटचं वाक्य कोटेशनमध्ये लिहून घ्या. टाइल्स लागल्यावर टेस्ट केली आणि गळालं तर परत सगळं फोडायचं, आणि बिल कोणाचं यावर भांडण. भेग परत परत त्याच जागी येत असेल तर माती खचतेय, कोटिंगवर पैसे घालण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

व्हायनिल लायनरला पाण्याखाली चिकटणारा पॅच लावायचा, कोपरे गोल कापून, आणि लायनरचा पूल कधीच पूर्ण रिकामा करायचा नाही, लायनर आकसतो. पाण्यात ओतून गळती बंद करणारी लिक्विडं मिळतात, केसासारख्या भेगेला कधीकधी थोडे महिने काढून देतात, पण फिल्टरच्या वाळूत जाऊन तिचा दगड करू शकतात, त्यामुळे वापरायचंच तर मल्टिपोर्ट रीसर्क्युलेटवर ठेवून (म्हणजे पाणी फिल्टरला वळसा घालून जाईल), आणि डब्यावरचं वाचून.

दुरुस्ती झाल्यावर तीच बादली परत पायरीवर ठेवा, तीच चोवीस तासांची टेस्ट, पंप चालू आणि बंद. एकाच पूलला दोन गळत्या असणं काही नवल नाही, मोठी बंद झाली की लहान दिसायला लागते. आणि ऑटोफिलच्या लाइनवर अर्ध्या इंचाचा पाण्याचा मीटर बसवून घ्या, केअरटेकरला दर सोमवारी सकाळी त्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकायला सांगा, म्हणजे पुढच्या वेळी बोअर आटायच्या आधी कळेल.